येडूच्या हाताखालून

वाचकहो, पुढील निवेदनास आरंभ करण्यापूर्वी मी गांभीर्यपूर्वक जाहीर करतो की, यात ऐकीव असे एक अक्षरही नाही. सांगोल्याच्या माळावर आमच्या खास पथकाने बंडकऱ्यांच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, त्यांच्या ठाण्यात प्रवेश कसा केला, तेथून माझ्या सख्ख्या भावास कसे आणले, आणि आणले असे म्हणता येते की नाही, हे मी क्रमाने सांगणार आहे. मी मराठी पाचवीपर्यंत शिकलेला मनुष्य आहे. वाचनालयातील ग्रंथ वाचून जी भाषा अंगी बाणली तिच्यातच लिहितो. कोठे न्यून आढळल्यास सांभाळून घ्यावे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जे घडले त्यास काय नाव द्यावे हे मला उमगलेले नाही, म्हणून मी त्यास नाव देत नाही.

सन १९३१ च्या उन्हाळ्यात मी पोलीस खात्यात शिपाई होतो. माझा वडील बंधू श्रीमंत, ज्यास मी दादा म्हणे, हा त्याच खात्यात हवालदार होता. आम्ही सोलापुरास भवानी पेठेत राहत असू. घरात दादा, कस्तुराबाई वहिनी आणि मी इतकीच माणसे. वहिनी दारापुढच्या ओट्यावर बसून हातमागाच्या कांड्या भरीत असे, आणि दादा ड्यूटीवरून आला की तिच्या रहाटाचा आवाज आपोआप थांबत असे. तिला पाठमोरे बसूनही त्याचे येणे कसे कळे, हे मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, "कळतंय की. तुमचं लगीन झाल्यावर तुमालाबी कळंल, भावजी."

त्या वर्षी सांगोल्याच्या पलीकडील माळावर सिद्धाप्पा नावाच्या मनुष्याने बंडाचा झेंडा उभारला. तो महायुद्धात लढून आलेला, करारी व शिस्तीचा पुरुष होता. त्याच्याभोवती जमलेल्या माणसांजवळ रायफली होत्या. त्यांची बाजू न्यायाची की सरकारची, हा वाद माझ्या लेखणीच्या आवाक्यातला नाही. त्यांनी खडकीचा टेक म्हणून जो उंचवटा आहे तो धरला. टेकावर एक पडका दगडी मंडप व पावसाचे पाणी साठवणारे खोदीव टाके आहे. भोवती चहूकडे उघडा माळ. कुसळ, तरवड, एखादे खुरटे बोराचे झुडूप, याखेरीज नजरेस अडवील असे काहीच नाही. ससा पळाला तरी टेकावरून त्याची धूळ दिसावी.

वैशाखाच्या आरंभी दादा एका तपासावरून परतत असता बंडकऱ्यांच्या हाती सापडला. सिद्धाप्पाने निरोप धाडला की, सोलापूरच्या तुरुंगातील आमचे दोन गडी अमावास्येपूर्वी सोडा, नाहीतर हवालदाराचे प्रेत घेऊन जा. सरकार गडी सोडणार नाही, हे निरोप आणणाऱ्यासही ठाऊक होते.

वहिनीस मी हे सांगितले तेव्हा ती रडली नाही. हातातील कांडी पुरी भरून तिने टोपलीत टाकली आणि म्हणाली, "तुमी जावा. मी मागनं येते."

दादास सोडविण्याचे काम फौजदार मुकुंदराव आराध्ये यांच्या खास पथकाकडे आले. मुकुंदराव हे देवळाच्या पुजाऱ्यांच्या घराण्यातले. परंतु देवापेक्षा दुर्बिणीवर अधिक भरवसा ठेवणारे. बंदूक शेवटी, डोके आधी, असा त्यांचा शिरस्ता होता. आम्ही प्रथम काळोखात जाऊन पाहिले. टेकावरील कुत्र्यांनी अर्ध्या कोसावरून ओरड केली. मग कडब्याच्या गाडीत दडून जाण्याचा प्रयत्न झाला. पहारेकऱ्यांनी कडब्यात लोखंडी गज खुपसला व आमच्या एका शिपायाच्या मांडीतून आरपार नेला. गाडी कशीबशी हाकलून आणली म्हणून जीव वाचला. दिवसा उजेडी पायी जाणे तर वेडेपणाच होता.

एके दिवशी मुकुंदराव माळाच्या दूरच्या कडेस असलेल्या बाभळीच्या बनातून दुर्बीण लावून बसले असता एकाएकी म्हणाले, "गोपाळ, इकडे ये. ती कुत्री पाहा."

मी पाहिले. येडू नावाचा धनगर आपली मेंढरे घेऊन टाक्यावर पाणी पाजण्यास टेक चढत होता. सगळा कळप कुत्र्यांच्या अंगावरून गेला, तरी एकाही कुत्र्याने मान वर केली नाही.

"या माळावर अदृश्य असा एकच पदार्थ आहे," मुकुंदराव म्हणाले, "आणि तो रोज दुपारी टेकावर जातो."

येडूचा वाडा म्हणजे घर नव्हे. धनगर लोक दोरीचे जाळे खुंट्यांना बांधून त्यात मेंढरे कोंडतात. जाळ्यास वाघर म्हणतात व कोंडलेल्या जागेस वाडा. तेथेच बाजूस तीन दगडांची चूल, दोन घोंगड्या, एक घोडे, हा सारा संसार. येडू साठीच्या पुढचा, लहानखुरा, सतत काहीतरी चघळणारा मनुष्य होता. त्याची बायको मायाक्का त्याच्याहून वीतभर उंच.

मुकुंदरावांनी विचारले, "येडूबा, तुझ्या कळपात चार माणसे लपून जातील काय?"

"जात्याल की. मानूस म्हंजी काय लई मोटं जनावर हाय व्हय?"

"सायेब, ह्यास्नी इचारू नगासा," मायाक्का चुलीपासून म्हणाली. "ह्ये कशालाबी व्हय म्हनत्यात. लगीन बी असंच केलं."

"आन् तवापासनं मेंढरात ऱ्हातुय," येडू म्हणाला.

त्यास कामगिरीतील धोका समजावून सांगितला. त्याने तोंडातले चघळलेले थुंकून टाकले. मग म्हणाला, "हवालदारानं एकडाव माझी मेंढरं कोंडवाड्यातनं सोडवून दिली हुती. चहाबी घेतला न्हाई. त्येच्यासाटी जातो म्या."

तयारी सुरू झाली. कळपात जाणारे आम्ही चौघे: मी, अक्कलकोटकडचा संगप्पा व आणखी दोन शिपाई. बूट, पट्टे, पितळी गुंड्या, विडी-काडी, सगळे काढून ठेवले. तंबाखूची पिशवी देताना संगप्पास जे दुःख झाले ते त्याच्या लग्नात मुलीकडच्यांसही झाले नसावे. आम्ही मेंढरांत निजू लागलो, त्यांच्या लेंड्यांचा चिखल अंगास चोपडला, गुडघ्यांस व तळहातांस चिंध्या बांधल्या, पाठीवर काळी घोंगडी घेतली आणि चार पायांवर चालण्याची कवायत केली. कवायतीसाठी फौजदारांनी थोडी मेंढरे बाजूस काढली होती. स्वतः ते एका खडकावर उभे राहून ओरडत, "तो गोपाळ! तो पलीकडे संगप्पा! अरे संगप्पा, एवढी लठ्ठ मेंढी सरकारी तिजोरीसही परवडणार नाही!"

"एनप्पा, मी तर उपाशी आहे साहेब," संगप्पा मेंढरांतून आपल्या कानडी ढंगात उत्तर देई, आणि आम्ही सगळे हसत असू. हसणे थांबले की मनात येई, अमावास्या जवळ आली.

येडू हे सारे लांबून पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "ह्ये असलं नगं. उद्या सकाळी कळपाबरुबर जावा, सांजला कळपाबरुबर या. मंग बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वाघरीची एक खुंटी उपटून माणूसभर फट केली व फटीशी उकिडवा बसला. उजव्या तळहातावर भंडारा घेतलेला. मेंढरे एकामागून एक त्या फटीतून बाहेर पडू लागली आणि तो प्रत्येकीच्या डोक्यावरून हात फिरवू लागला. तो मोजत नव्हता, बघतही नव्हता. तोंड दुसरीकडे करून मायाक्काशी भाकरीबद्दल बोलत होता. दोन मेंढरांमधून मी रांगत गेलो. त्याचा हात माझ्या डोक्यावर पडला. तो खरबरीत व ऊबदार होता. "चल," तो म्हणाला, जसे मेंढीस म्हणतात तसे.

येथून पुढे मी फार जपून लिहीत आहे.

प्रथम मला एवढेच जाणवले की, गुडघे दुखेनासे झाले. नंतर कळपाचा वास येईनासा झाला. आकाश होते, पण ते पाहावेसे वाटत नव्हते. डावीकडे कोठेतरी पाणी आहे हे मला समजत होते. कोणी सांगितले नव्हते. कळप वळला की मी वळत असे, आणि आपण वळलो हे मागाहून कळत असे. कोणीतरी मोठ्याने ओरडत होते. तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. पण तो शब्द आहे, आणि तो शब्द म्हणजे माझेच नाव आहे, हे ध्यानात येत नव्हते.

सायंकाळी वाघरीच्या फटीत येडूचा हात पुन्हा डोक्यावर पडला. "ऊठ," तो म्हणाला. मी उभा राहिलो. संगप्पा माझ्या पाठोपाठ उठला व कितीतरी वेळ आपल्या हाताची बोटे बघत बसला. त्याने तंबाखू मागितला नाही.

मुकुंदराव खडकावरून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्ही दिवसभर कोठे होता?" त्यांनी विचारले.

"कळपात, साहेब."

"मी कळपातून चाललो. दोनदा. एकेक मेंढी हाताने बाजूस सारून पाहिली." ते येडूकडे वळले. "तू काय केलेस?"

"काय केलं? रोज करतुय तेच की," येडू म्हणाला. "माझा बा बी असंच करत हुता. सकाळी हाताखालनं धाडायचं, सांजला हाताखालनं घ्यायचं. न्हाईतर लांडग्याला दिसत्यात."

अधिक त्यास सांगता आले नाही. मला वाटते अधिक त्यास ठाऊकही नव्हते. मुकुंदरावांनी बराच वेळ दुर्बिणीच्या काचा पुसल्या आणि मग शांतपणे म्हणाले, "उद्या जायचे."

त्याच संध्याकाळी वहिनी भाड्याच्या बैलगाडीने वाड्यावर येऊन पोहोचली. बरोबर ज्वारीच्या भाकरी, शेंगांची चटणी व दादाचा धुतलेला सदरा आणला होता. मायाक्काने तिला पोते अंथरून बसविले आणि दोघी पुष्कळ दिवसांची ओळख असल्याप्रमाणे बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही येडूच्या हाताखालून गेलो.

त्या प्रवासाचे मला जे आठवते ते तुटक आहे. ऊन आठवते. माळाची तापलेली भुई आठवते. माझ्या दोन्ही अंगांस लागून चालणारी ऊब आठवते. ज्या अनेक अंगांचा मिळून तो कळप झाला होता, त्यांतले माझे कोणते हे मला सांगता आले नसते. परंतु एक गोष्ट मी घट्ट धरून ठेवली होती, आणि ती म्हणजे दादा. शब्द विसरले तरी ती ओढ गेली नव्हती. पाण्याची ओढ जशी होती तशीच ही होती, टेकाच्या दिशेने.

कुत्री आडवी पडली होती. आम्ही त्यांच्यावरून गेलो. एकाची शेपटी माझ्या चेहऱ्यास लागली. ते जांभई देऊन पुन्हा निजले.

"काय रं येडू," वरून पहारेकऱ्याचा आवाज आला, "पोलिसानं धाडलं न्हवं तुला?"

"पोलिस मला कशाला धाडतील बाबा? त्यांची मेंढरं खाकी असत्यात."

वरती पुष्कळजण हसले. मग हसणे थांबले, कारण खुद्द सिद्धाप्पा मंडपातून बाहेर आला होता. तो कळपात शिरला. त्याच्या वहाणा मला दिसत होत्या. त्या माझ्यापाशी येऊन थांबल्या. त्याने वाकून माझ्या पाठीत हात घातला.

वाचकहो, माझ्या पाठीवर घोंगडी होती. त्याची बोटे घोंगडीवर पडावयास पाहिजे होती. ती खोल गेली. केसांच्या मुळांशी जाऊन त्यांनी कातडी चाचपली, आणि ती कातडी माझी होती.

"ह्येची लोकर लई दाट झालीया," सिद्धाप्पा म्हणाला. "कातर की."

"म्होरल्या म्हैन्यात," येडू म्हणाला. त्याचा आवाज जरा कापला. "सावलीला जाऊ द्या त्येला. ऊन सोसंना झालंय."

वहाणा दूर गेल्या.

पाणी पिऊन झाल्यावर कळप रोजच्याप्रमाणे मंडपाच्या सावलीत आला. दादा खांबास बांधलेला होता. त्याची दाढी वाढली होती. राखणदार दोन हातांच्या अंतरावर बसून डुलकी घेत होता. संगप्पाचा चिंध्या बांधलेला हात, त्यात चाकू, दोन मेंढरांमधून वर आला. हात तेवढा मला दिसला. मागे संगप्पा दिसला नाही.

दादानेही तो हात पाहिला.

भीतीने त्याचे डोळे विस्फारतील असे मला वाटले होते. तसे झाले नाही. देवळात गाभाऱ्याचे दार उघडल्यावर माणसे जशी पाहतात तसा तो कळपाकडे पाहत राहिला. दोर तुटला. त्याने एकवार राखणदाराकडे नजर टाकली, गुडघे टेकले, आणि पाण्यात उतरावे तसा हळूच आमच्यात उतरला.

तो होता. मग नव्हता.

येडूने शीळ घातली. कळप टेक उतरू लागला.

अर्ध्या उतारावर असता वर आरडाओरडा झाला. माणसे धावत आली. ती कळपात घुसली. रायफलींच्या दस्त्यांनी मेंढरे ढोसू लागली. एकाने माझ्या हातावर पाय दिला. एकाने माझे तोंड दोन्ही हातांत धरून वर केले व डोळ्यांत पाहिले.

आणि सोडून दिले.

"हितंच असल! कुटं जातुय?" कोणी ओरडले.

"मेंढरंच हायती सगळी!"

"पुन्यांदा बगा!"

त्यांनी पुन्हा पाहिले. सिद्धाप्पा कळपाच्या मधोमध उभा होता. तो शोधत नव्हता. त्याने उघड्या माळाकडे पाहिले, येडूकडे पाहिले, मग सावकाश डोक्याचा पटका काढून छातीशी धरला.

"जाऊ द्या," तो म्हणाला.

"आवं, पर हवालदार..."

"जाऊ द्या म्हंतो न्हवं."

आम्ही चालत राहिलो. दादा माझ्या उजव्या अंगास होता. हे मी शपथेवर सांगतो. त्याचा खांदा माझ्या खांद्यास घासत होता. श्वास ऐकू येत होता. लहानपणी बाजारातून नेताना तो माझ्या मानेवर तळवा ठेवी, तसा तळवा त्याने वाटेत माझ्या मानेवर ठेवला. वाडा दिसू लागला तोपर्यंत तो तेथेच होता.

सूर्य मावळतीस टेकला होता. वाघरीच्या फटीशी येडू बसला. एका बाजूस मुकुंदराव, एका बाजूस हातात सदरा घेऊन वहिनी. मेंढरे आत जाऊ लागली. माझ्या डोक्यावर हात पडला. "ऊठ." मी उठलो. संगप्पा उठला. बाकीचे दोघे उठले. आम्ही फटीशी उभे राहून पाहत होतो. मेंढरे येत होती, हाताखालून जात होती. आता हा, आता हा, असे मी मनात म्हणत होतो.

शेवटची मेंढी आत गेली. बाहेर माळावर कोणी नव्हते.

"दादा कोठे?" मी ओरडलो. "आत्ता माझ्याजवळ होता!"

येडूने आपल्या तळहाताकडे पाहिले. "ह्यो कुनीकडनं आत आला?"

"मंडपातून. कळप शेजारून जाताना."

"मधनंच?"

"मग कसा येणार?"

येडूने कपाळावर हात मारून घेतला. मुकुंदराव त्याच्यावर गरजले, "हे तू आधी का सांगितले नाहीस?"

"काय सांगायचं सायेब?" तो अगदी भांबावून म्हणाला. "मधनं कोन घालतंय व्हय? मेंढी वाघरीतनंच जाती. ह्ये काय सांगायचं आस्तंय?"

पहिल्याने बोलली ती वहिनी. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "मग उद्या सकाळी हाताखालनं धाडा की. सांजला येतील."

त्या रात्री कोणी निजले नाही. सकाळी येडू स्नान करून फटीशी बसला. मेंढरे निघाली. बरीच गेल्यावर दोन मेंढरांमध्ये एक रिकामी जागा आली. मागची मेंढी थबकून उभी राहिली होती. पुढे कोणी असताना जशी थांबते तशी. येडूचा हात हवेत थांबला. रांगणाऱ्या माणसाचे डोके ज्या उंचीवर असावे त्याच उंचीवर.

"हितं हाय," तो कुजबुजला.

त्याने बोटे फाकली, हात खाली नेला. हात सरळ भुईपर्यंत गेला.

"हाय. पर हाताला लागंना."

मग मागची मेंढी चालू लागली.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. सिद्धाप्पाने अमावास्येपूर्वीच टेक सोडला. त्याची माणसे पांगली, तो स्वतः कोठे गेला ते कळले नाही. ज्या डोळ्यांवर विसंबून तो लढत होता त्यांवरचा त्याचा भरवसा उडाला असावा, असे मुकुंदराव म्हणत. जिल्ह्याच्या पोलीस साहेबांनी मुकुंदरावांची पाठ थोपटली व ही युक्ती इतर जिल्ह्यांतील पथकांस शिकविण्याचा हुकूम केला. मुकुंदरावांनी उत्तर दिले की, अशी कोणतीही युक्ती अस्तित्वात नाही. पुन्हा विचारले असता त्यांनी बदली मागून घेतली. दादाचे नाव सरकारदरबारी बेपत्ता म्हणून लागले.

वहिनी सोलापुरास परतली ती केवळ रहाट विकण्यासाठी. कळप जेथे जाई तेथे ती जाऊ लागली. पावसाळ्यात मोहोळकडे, दिवाळीनंतर भीमेच्या काठाने. मी सवड मिळेल तसा भेटावयास जात असे. दोन वर्षांनी येडू वारला. फटीशी मायाक्का बसू लागली.

उन्हाळ्यात भर दुपारी मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोल करून उभी राहतात, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. येडूच्या कळपाचा गोल मी प्रथम पाहिला तेव्हा वहिनीनेच मला दाखविले. गोलाच्या मध्यभागी जागा सुटलेली होती. एक मनुष्य मांडी घालून बसेल एवढी. भोवती मेंढरे दाटीवाटीने एकमेकांस रेटत होती, पण त्या जागेत एकीचाही खूर पडत नव्हता. मेंढरांची सावली तेथे पोहोचत नव्हती, तरी ती भुई उन्हाची नव्हती. वहिनी गोलाच्या कडेस बसे आणि त्या जागेकडे तोंड करून घरातल्या गोष्टी बोले. कोणाचे लग्न ठरले, ज्वारी कशी झाली. मध्येच थांबे, जसे कोणी उत्तर देताना आपण थांबतो. मी तिला घरी चल म्हणून एकदाच म्हटले.

"घरीच हाय की, भावजी," ती म्हणाली.

गेल्या वैशाखात मला सांगोल्यास जाण्याचा योग आला. कळप माळावर दुपारच्या उन्हात गोल करून उभा होता. कडेस कोणी नव्हते. मायाक्का एकटीच घोड्याच्या सावलीत बसली होती. मी वहिनीस हाक मारली. मग गोलाजवळ गेलो व मेंढरांच्या पाठींवरून आत पाहिले.

मधली जागा आता दोघांपुरती झाली होती.

"मायाक्का," मी म्हटले, "वहिनीही मधूनच गेली काय?"

"न्हाय रं लेकरा. रीतीनं गेली. सकाळी माझ्या हाताखालनं गेली." तिने डोळे पुसले नाहीत; नुसते मिटले. "सांजला परत हाताखालनं येती बी. ह्यो हात रोज तिच्या डोक्यावर पडतुय. ऊठ बाई म्हन्ते. रोज म्हन्ते. उठत न्हाय."

"पण तीच आहे कशावरून?"

मायाक्काने आपला उजवा तळवा माझ्यापुढे उघडला. भंडाऱ्याने तो पिवळाजर्द झाला होता, आणि मधल्या दोन बोटांच्या टोकांस ताजे, ओले कुंकू लागलेले होते.

येथवर ज्यांनी धीराने वाचले त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
गोपाळ निवृत्ती वाघचवरे
भवानी पेठ, सोलापूर